पेवातला उजेड

माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं की मी आधी चिडते, मग उत्तर देते. कारण विचारणाऱ्याला खरं काही ऐकायचंच नसतं. "काय म्हणे, आपोआप जुळणारं प्लास्टिक करता तुम्ही? मग आमची बादली फुटलीय, द्या की सांधून!" हे मी परभणीत लग्नात ऐकलंय, बारशात ऐकलंय, बँकेच्या रांगेत ऐकलंय. बादल्या सांधायला बसलेली नाही मी. म्हणून आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी अडायला नको.

आम्ही प्रयोगशाळेत एक पट्टी तयार करतो. दुधावरच्या सायीसारखी पातळ, रबरासारखी ताणली जाणारी. तिच्यात एक रंग मिसळलेला असतो. डोळ्याला जेमतेम दिसणारा जांभळा प्रकाश तिच्यावर पडला की हा रंग लाल उजळतो. पण भोवती प्राणवायू असला तर तो उजळू देत नाही, रंगाकडून उजेड काढून घेतो. म्हणजे चांगल्या हवेत पट्टी काळी दिसते आणि प्राणवायू संपलेल्या जागी लाल. आणि ती फाटली तर दोन्ही कडा पुसून एकमेकींना दाबून धरायच्या. चहा करून पिऊन होईपर्यंत जुळतात, आणि जुळलेल्या जागीही पट्टी आधीसारखीच काम करते. धान्याच्या हवाबंद पिशव्यांत, जिथं ओढाताण फार आणि माणसाला आत डोकावता येत नाही अशा ठिकाणी, ती उपयोगाला यावी अशी आमची उमेद आहे. झालं. एवढंच आहे सगळं.

पहिल्यांदा ती नीट उजळली तेव्हा माझ्या हाताखालच्या पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. काचेच्या बाटलीतली हवा काढून घेतलेली होती आणि आत पट्टी निखाऱ्यासारखी लाल झाली होती. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मॅडमला आनंदानं भरून आलं असं पोरांना वाटलं. आनंद कसला, बोडक्याचा! मला आमचं पेव आठवलं होतं.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड एका माणसापुरतं, आत गेलं की रांजणासारखं फुगलेलं. आमचं गाव मानवतपासून आत, रस्ता सोडून. तिकडं पूर्वी ज्वारी अशीच ठेवायचे. बुडाला आणि कडेनं कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर शिळा ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. धान्य आतली हवा पिऊन टाकतं, म्हणून आत किडा जगत नाही. माणूसही जगत नाही. म्हणून रीत अशी होती, की पेव उघडलं की दिवसभर तसंच उघडं ठेवायचं. मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही, लागलेला राहिला तर उतरायचं. आणि माणूस आत असेपर्यंत वरच्यानं तोंडाशी बसून त्याला नावानं हाका मारत राहायच्या, आतल्यानं ओ देत राहायची. ओ थांबली की वर ओढायचं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, आमच्या परसातल्या पेवात ज्वारी काढायला उतरले आणि जिवंत वर आले नाहीत. मी शाळेत गेलेली होते. भाऊ पाळण्यात होता. तोंडाशी माझी माय बसलेली होती.

गाव म्हणतं, आबांनी कंदील सोडलाच नाही, घाईचा माणूस, तसाच उतरला. माय म्हणते, कंदील सोडला होता आणि तो लागलेला होता. बास, एवढंच म्हणते. पुढं काही विचारलं की उठून जाते. पण भाकरी थापता थापता, कापूस वेचता वेचता, कुणी विषय काढलेला नसताना मध्येच बोलायची, "लागलेला व्हता गं." लहानपणी मी हो हो म्हणायचे. मोठी झाल्यावर गप्प बसायला लागले. कारण कंदील जळतो तिथं माणूस जगतो, हे मी शिकले होते आणि पुढं कॉलेजात मीच पोरांना शिकवत होते. मग मायनं नीट पाहिलं नव्हतं का? हे विचारायची माझी छाती झाली नाही. पण न विचारताही तिला ते ऐकू जायचं. तिला आयुष्यात एवढंच कळून घ्यायचं होतं, की त्या दिवशी कंदील खोटा होता की ती. बाकी सून, नातवंडं, कशातच तिचा जीव रमला नाही.

आणि अजून एक. हाक आलेली नसताना माय ओ देते. दळण निवडताना मान वर करते, परसाकडं बघते आणि म्हणते, "ओ?" मग परत सुपात बघायला लागते. पाहुणे दचकतात. आम्हाला सवय झालीय असं आम्ही सांगतो. खोटं आहे ते. मला अजून दचकायला होतं.

आबांचं नाव मात्र तिनं कधी तोंडातून काढलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही तिच्या वेळची रीत. आबा असतानाही आणि गेल्यावरही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात कुणी विचारलं की मला पुढं ढकलायची, "सांग गं." मग मी खड्या आवाजात बापाचं नाव सांगायची. एकदा मी चिडवलं, "लग्नात उखाण्यात तरी घेतलंच असशील की." तर म्हणाली, "उखाण्यात मालक म्हणलं आन पळाले." आणि हसली. माय हसल्याचं मला फार कमी आठवतं, त्यातलं ते एक.

एकदा डोळे दाखवायला ती परभणीला आलेली असताना मी तिला प्रयोगशाळेत नेलं. बाटलीतली लाल पट्टी तिनं लय वेळ पाहिली.

"ह्याच्यात किडामुंगी जगल का?"

"न्हाई, माय."

"मग उजेड कसा?"

मी समजावलं. तिनं ऐकून घेतलं. "उलटंच हाय तुमचं सगळं," एवढं बोलली आणि चपला घालून बाहेर जाऊन बसली. मला वाटलं, विसरली असेल.

यंदा सुगी झाल्यावर भावाचा फोन आला. "अक्का, परसातलं पेव उघडायलोय."

"डोकं फिरलं का तुझं?"

"अगं, शहरातली माणसं किड्याची पावडर न लावलेली ज्वारी मागायलेत. पेवातली म्हणलं की लोकं खूश. बुडातला जुना कडबा काढतो, साफ करतो, पुन्हा भरतो. आपलीच जागा, फुकट पडून हाय."

"मायला कळलं का हे?"

"मायच म्हणाली उघड म्हणून. आन म्हणाली, अक्काला सांग, तिची ती पट्टी घेऊन ये."

फोन ठेवल्यावर मी खुर्चीत तशीच बसून राहिले. आबांना काढल्यावर गावानं शिळा बसवली, त्यावर आमच्या घरानं नंतर कधी पायसुद्धा ठेवला नव्हता. वासरू त्या बाजूला गेलं तरी माय काठी घेऊन धावायची. आणि आता तीच म्हणत होती, उघड.

मी लांब दोर घेतला, त्याला टोकापासून टोकापर्यंत पट्टी चिकटवली, आणि तिच्या बाजूनं जांभळ्या प्रकाशाच्या बारक्या दिव्यांची माळ बांधली. वर बॅटरी. म्हणजे पेवात किती खोलवर चांगली हवा आहे आणि कुठून खराब सुरू होते, ते एका नजरेत दिसावं. हे सगळं पिशवीत कोंबून मी सकाळच्या एसटीनं मानवतला उतरले. भाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. आदल्या दिवशीच शिळा बाजूला केली होती म्हणाला. रस्ताभर ज्वारीचा भाव सांगत होता. मी हूं हूं करत होते.

घरी चहा पिताना मी दोघांनाही समोर बसवून पोरांना शिकवावं तसं सांगितलं. "नीट ऐका. ही पट्टी कंदिलाच्या उलटी हाय. अंधार दिसला तर हवा हाय. लाल दिसलं तर हवा न्हाई, उतरायचं न्हाई. काय?" भाऊ म्हणाला, "कळलं की, मास्तरीणबाई." मायनं मान हलवली. कमरेला दोर बांध म्हटलं तर भाऊ हसला. "आधी बघू तर दे तुझा कंदील."

पेवाचं तोंड मी आठवत होते त्यापेक्षा लहान होतं. आतून कुजलेल्या कडब्याचा ओलसर वास येत होता. मी दोर भराभर सोडला, टोक बुडाला लागलं. बॅटरीची तार सैल वाटली म्हणून ती घट्ट करायला मी मागं वळले. भाऊ तोंडाच्या काठावर बसलेला, दोन्ही पाय आत सोडलेले. त्याला स्वतःच्या गुडघ्यांपलीकडं काही दिसत नव्हतं. माय त्याच्या खांद्यावरून वाकून आत बघत होती.

आणि मला तिचा आवाज ऐकू आला. एकदम तरणा आवाज होता.

"लागलाय. उतर."

'उतर' एवढंच ऐकून भाऊ सरकला. छातीपर्यंत आत गेलासुद्धा. मी कशी पोचले ते मला ठाऊक नाही, पण त्याच्या सदऱ्याची कॉलर माझ्या एका हातात होती आणि दंड दुसऱ्या. "वर ये! वर ये मेल्या!" मी अशी किंचाळले की शेजारची कुत्री भुंकायला लागली. तो टाचांनी काठ खरवडत वर आला आणि मातीत उताणा पडला. आत पट्टीचं खालचं टोक लालबुंद उजळलेलं होतं. बरोबर कंदिलासारखं.

मग माझं डोकं फिरलं. "माय, डोळे फुटले का तुझे? आत्ताच सांगितलं ना मी? खाल्ला असता की गं तू त्याला!" असं मी बोलले. मायला कधी कुणी असं बोललं नव्हतं. तिनं हात तोंडावर नेला. मग बोटांच्या फटीतून म्हणाली, "तेच म्हणलं मी. तवाबी तेच म्हणलं व्हतं."

भाऊ ओट्यावर जाऊन बसला. मी पट्टी वर ओढली. त्याच्या टाचेखाली काठाशी ती फाटली होती, माळ मात्र शाबूत होती. मला रडू येत होतं आणि रागही जात नव्हता, म्हणून मी फाटलेल्या कडा पुसत बसले.

"दे हिकडं," माय म्हणाली. "कशी धरायची ती सांग."

मी दाखवलं. लिंबाच्या सावलीत बसून तिनं दोन्ही कडा चिमटीत धरल्या. मुलीच्या पायातला काटा काढताना धरायची तशी, श्वास रोखून. आणि पट्टी जुळेपर्यंत तिनं मला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

त्या दिवशी वर बसायचं काम चुलत्याचं होतं, पण तो कापूस घेऊन मानवतला गेला होता. थांबा म्हटलं तर आबा थांबले नाहीत. तूच बस म्हणाले. सकाळी दोघांचं कशावरून तरी वाजलेलं होतं, कशावरून ते तिला आता आठवत नव्हतं. त्यांनी कंदील बांधून दोर तिच्या हातात दिला. तिनं सोडला, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "लागलाय. उतरा." ते उतरले.

"मग हाका मारल्यास का?" मी विचारलं.

"काय म्हणून मारू? नाव घ्यायचं न्हाई. अहो, अहो, म्हणत व्हते. दोनदा हं म्हणले. मंग बोलंनात. मला वाटलं, सकाळचा राग हाय अजून. रागात असले की अहोला कवा ओ द्यायचे न्हाईत ते. म्हणून मीबी फुगून बसले." तिची चिमटी हलली नव्हती. "नुसतीच बसले गं मी. उन्हात. लय वेळ."

मी तिच्याजवळ सरकून बसले. एवढ्या वर्षांत आपण तिला एकटीला ठेवलं, याचं मला भयंकर वाईट वाटलं.

पट्टी जुळली. सांधा शोधायला मी बोट फिरवलं, मला सापडला नाही. मायनं फिरवलं, तिला लगेच सापडला.

"कंदील कुठवर सोडला होतास?" मी विचारलं.

"दोर संपला तिथवर. टोक माह्या हातात व्हतं."

"दोर बुडाला लागला का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. पेवाचा कंदिलाचा दोर ठरलेला असायचा, हे मला माहीत होतं. पेव काठोकाठ भरलं की राशीपर्यंत कंदील पोचेल एवढाच तो बांधून ठेवायचे. कुणी पुन्हा मोजायचं नाही. "त्या साली रास लय खाली गेली व्हती," ती सावकाश म्हणाली. "आदल्या साली पाऊस नव्हता, तर सारखी काढून काढून खाल्ली." आणि मग तिनं उठून, हातात दोर धरल्यासारखे हात धरून, कंदील कुठं लोंबत होता ते मला दाखवलं. तो मध्येच लोंबत होता. राशीवर उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर.

मी दोर पुन्हा आत सोडला, या वेळी हळूहळू. तिला जवळ घेतलं आणि दोघी वाकलो. वरची पट्टी काळी होती. पेवाच्या पोटाच्या मध्यापर्यंत काळी. तिथून खाली एकदम लाल, जशी कुणी रेघ ओढावी तशी. आजची हवा त्या दिवशीची नव्हती, हे मलाही कळत होतं. पण कंदील वर जळत राहतो आणि त्याच्या खाली वाकलेला माणूस मरतो, हे त्या रेघेनं आम्हाला दाखवलं.

"माय, कंदील लागलेला होता," मी म्हणाले. "खोटा नव्हता. तूबी खोटी न्हाईस. दोर तोकडा होता."

मला वाटलं, आता ती रडेल, सुटेल. इतक्या वर्षांचं उत्तर मी तिला दिलं होतं, माझ्या हातानं केलेल्या वस्तूनं. ती त्या रेघेकडं बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "आन नावानं हाक मारली असती तर? ओ दिली असती का त्यानी? मला कळलं असतं का, की हा राग न्हाई?"

याला माझ्याकडं पट्टी नव्हती. कुणाकडंच नसेल. मी न्हाई माहीत म्हणाले, आणि ते म्हणताना मला स्वतःची आणि माझ्या सगळ्या शिक्षणाची चीड आली.

माय पेवाच्या तोंडाशी गुडघ्यावर बसली. डोक्यावरचा पदर नीट ओढून घेतला. आणि आबांना नावानं हाक मारली.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. ते तिनं एवढी वर्षं जपलं, मी कोण उघडं करणारी? पण तो आवाज सांगते. भाकरी निवायलीय, या आता, असा रागावलेल्या बायकोचा आवाज होता. नाव आत गेलं, पोटात फिरलं आणि जड होऊन वर आलं. मायनं कान दिला. काही नाही. तिनं पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्यानं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. एका क्षणी, खोटं कशाला बोलू, मला खालून ओ येईल अशी भीती वाटली. आणि यावी असंही वाटलं.

ती तिसऱ्यांदा हाक मारायला लागली तेव्हा ओट्यावरून भाऊ म्हणाला, "ओ."

त्यानं आबांचा आवाज कधी ऐकलेला नाही. जीव नुकताच वाचलेला, आणि बापाच्या नावाला तो ओ देत होता. माय वळली नाही. तिनं परत नाव घेतलं. त्यानं परत ओ दिली. ती हाक मारायची, तो ओ द्यायचा. असं किती वेळ चाललं, मी मोजलं नाही. मी दोर धरून रडत होते.

मग ती थांबली. बसल्या जागेवरूनच मला म्हणाली, "वढ आता वर."

मी दोर ओढायला लागले. माय वाकून बघत होती. लाल पट्टी हळूहळू वर यायला लागली, आणि त्या रेघेच्या वर येईल तशी विझत गेली. सगळ्यात शेवटी टोक राहिलं, तेही काठाशी येईपर्यंत काळं झालं. मायनं ते हातात घेतलं.

"आली हवा," ती म्हणाली.